सूर शेवटी सोडायचा

सिद्रामाप्पांबरोबर पंगतीला बसायचं म्हणजे हातावरचं खरकटं वाळेपर्यंत बसायची तयारी ठेवावी लागे. शेवटचा माणूस उठल्याशिवाय ते उठत नसत. चहाला बसलो तर सगळ्यांच्या कपबशा खाली गेल्यावर ते आपला शेवटचा घोट घेत. कुणाच्या घरून निघताना आम्ही चपला घालून रस्त्यावर, आणि आप्पा अजून उंबऱ्याच्या आत. "चला की आप्पा," म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"व्हा फुडं. मी हाय मागं."

आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. यम न्यायला आला तरी आप्पा त्यालाच पुढं घालतील, असं आमचा तबलजी म्हणायचा. आप्पा हसायचे. हसले की त्यांचे गाल हलायचे. अंगानं काटकुळा माणूस, पण गाल रिकाम्या पिशव्यांसारखे सैल. इतक्या वाळक्या माणसाला असे गाल कशानं आले, याचं मला बरेच दिवस कोडं होतं.

बेळगावात तेव्हा मूकपट चालत. पडद्यावर माणसं ओठ हलवत आणि पडद्याखाली आम्ही चौघं वाजवत असू. पेटी, तबला, माझं फिडल आणि आप्पांचा डबल बास, म्हणजे माणसाहून उंच असं अवाढव्य फिडलच. मी शहापूरच्या हातमागवाल्यांच्या घरातला. मागाचा खटखटाट नको म्हणून पळालो आणि फिडल धरलं. आप्पा मूळचे निपाणीचे, राहायला खासबागेत, एका विणकराच्या पडवीत. त्या पडवीत एक माणूस आणि एक डबल बास एवढीच जागा होती. पाहुणा आला की आप्पा बास बाहेर काढून भिंतीला टेकवत. शेजारपाजारचे लोक त्याला 'आप्पांची म्हस' म्हणत.

म्हशीची गोष्ट अशी. कॅम्पातल्या लष्करी बँडमधला गोव्याचा एक वादक थेटरात बास वाजवायला यायचा. तो म्हातारा झाला, गावी निघाला आणि एवढं धूड गाडीतून कुठं न्यायचं म्हणून ते थेटरातच ठेवून गेला. आप्पा तेव्हा थेटरात पाणी मारणं, खुर्च्या मांडणं असली कामं करत. त्यांनी एक दिवस त्या वाद्याभोवती फेरी मारली आणि मला विचारलं, "गणू, ह्येला फुकायचं कुठनं रं?"

मी हसलो. गज त्यांच्या हातात दिला आणि जाड तारेवरून ओढायला सांगितलं. दुपारची वेळ होती, थेटर रिकामं होतं, वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. त्यांनी गज ओढला. आवाज आला तो कानाला आधी नाहीच आला. खालच्या फळ्यांतून तळपायाला आला. आप्पांनी गज परत ओढला, पुन्हा ओढला. मग तिथंच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ह्यात दम लागत न्हाय गा."

ते असं का म्हणाले, हे पुढं हळूहळू कळलं. निपाणीत त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या देवळाचा सनई-चौघडा. थोरले भैरूअण्णा सनई वाजवायचे आणि आप्पा सूर धरायचे. सूर म्हणजे तीही सनईच, पण तिच्यातून एकच स्वर काढायचा. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि तो एक स्वर मध्ये कुठंही तुटू द्यायचा नाही. सनईवाला वर जाईल, खाली येईल, लाडात येईल, रडेल. सूरवाल्यानं जागा सोडायची नाही. सगळं वाजवून झालं, सनई ओठावरून खाली आली की मगच सूर सोडायचा. आधी सोडला तर अपशकुन. आप्पा नऊ-दहा वर्षांचे असल्यापासून हे करत होते. त्यांनी आयुष्यात एकही गत वाजवली नव्हती.

आणि मग छातीनं दगा दिला. देवाच्या पालखीच्या दिवशी, सगळं गाव देवळापुढं उभं असताना, आप्पांना खोकल्याची उबळ आली आणि सूर तुटला. भैरूअण्णांनी सनई खाली घेतली आणि भावाकडं बघून भर गर्दीत म्हणाले, "सूर सोडणारा भाऊ मला नको."

डॉक्टरनं फुंकणं कायमचं बंद करायला सांगितलं होतं. आप्पांनी ते घरी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणायचे, "सांगून काय? सूर तर तुटलाच की." ते बेळगावला निघून आले. सहा-सात कोसांवरची वाट नव्हे, पण एका दिवसात गाठता येणार नाही इतकंही निपाणी लांब नव्हतं. तरी दोघं भाऊ एकमेकांच्या दारी गेले नाहीत. आप्पा निपाणीचं नाव काढत नसत. पण निपाणीचा कुणी भेटला तर पहिला प्रश्न असायचा, "देवळात सूर कोण धरतंय आता?" पुतण्या धरतो म्हणून कळलं की मान हलवायचे.

बास शिकायला त्यांना गुरू मिळाला नाही. कुठल्या जागी कुठला स्वर, ते माझ्या फिडलावरून हळूहळू त्यांनी बसवलं. पण एक गोष्ट त्यांची त्यांनीच काढली. गज एका बाजूचा संपून दुसऱ्या बाजूला वळतो तेव्हा आवाजात बारीक सांधा पडतो. तो सांधा कुणालाही कळू नये यासाठी ते खासबागेच्या पडवीत तासन्‌तास बसायचे. डोळे मिटलेले, गजाला लावलेल्या राळेचा वास, समोरच्या घरातून मागाचा ठेका, आणि त्या सगळ्याखालून ओलीसारखा पसरणारा एक स्वर. विणकराची बायको म्हणायची, "आप्पा वाजवाय लागले की माझं पोरगं झोपतंय." मला स्वतःला तिथं बसल्यावर जागेपणी स्वप्नं पडायची. आपण लहान आहोत, कुणाच्या तरी पाठीला कान लावून पडलोय आणि ते माणूस बोलतंय, असं काहीतरी वाटायचं.

एकदा खानापूरकडच्या जत्रेत मूकपट दाखवायचा होता. आम्ही रेल्वेनं गुंजीला उतरलो. थंडीनं लाकूड तडकू नये म्हणून आप्पांनी बास वाकळेत गुंडाळून सुतळीनं बांधला होता. आम्ही चौघं तो खांद्यावर घेऊन स्टेशनाबाहेर आलो. धुकं होतं. समोरून येणाऱ्या दोन शेतकऱ्यांनी पटके काढले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यातला म्हातारा पुढं होऊन आप्पांच्या बाजूला खांदा द्यायला लागला. थोडं चालल्यावर त्यानं हळूच विचारलं, "बाई का बाप्या?"

आम्हाला हसू दाबता येईना. आप्पा मात्र गंभीरपणे म्हणाले, "न्हाय बाबा, जित्तं हाय. गावात आल्यावर बोलंल." म्हातारा घाबरला की काय कोण जाणे, पण त्यानं खांदा काढला नाही. संध्याकाळी तो पुढच्याच रांगेत बसला होता. पडद्यावर राक्षस आला, आप्पांनी गज ओढला, तसा तो उठून उभा राहिला आणि मागच्यांना सांगायला लागला की ह्याला मी खांदा दिलाय.

बास ऐकू येतो का, असं मला कुणी विचारलं तर मी एका दिवसाची हकीकत सांगतो. आप्पा तापानं फणफणले होते आणि आम्ही तिघांनीच खेळ केला. चित्र तेच, आम्ही तेच. पण लोक चुळबुळायला लागले. कुणी खोकतंय, कुणी पाणी प्यायला उठतंय. मध्यंतरात एक रोजचा प्रेक्षक ऑपरेटरशी भांडायला गेला. म्हणाला, "आज पडदा पातळ दिसतोय. दिवा कमी केलास व्हय?" ऑपरेटर शपथा घेऊन थकला. बास नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी आप्पांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते गजाला राळ घासत राहिले. मग म्हणाले, "अण्णालाबी असंच पातळ वाटत आसंल काय रं?"

बोलपट आले आणि आम्ही चौघंही घरी बसलो. पडद्यावरची माणसं स्वतःच गाऊ लागली, त्यांना पडद्याखालच्यांची गरज काय? पेटीवाला शिकवण्या करू लागला. मी परत मागावर बसणार, तेवढ्यात कोल्हापूरहून निरोप आला. तिथल्या एका स्टुडिओत संगीत देणाऱ्या बुवांना एका चित्राच्या गाण्यांसाठी फिडलवाला आणि बासवाला हवा होता. मी आप्पांना सांगायला गेलो. त्यांनी दोन प्रश्न विचारले. गाणं फिल्ममधी कायमचं ऱ्हातंय न्हवं? आणि ती फिल्म निपाणीच्या तंबू-थेटरात येती न्हवं?

"येईल की. का?"

"अण्णा ऐकंल," आप्पा म्हणाले. "मी सूर धरलाय ह्ये त्येच्या कानावर जाऊ दे. मग बोलू दे न्हायतर न बोलू दे."

तेव्हापासून या एका गोष्टीखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. म्हैस बसच्या टपावर बांधली आणि आम्ही निघालो. बस निपाणीत थांबली ती नेमकी दुपारच्या नैवेद्याच्या वेळेला. तंबाखूचा वास सगळीकडं भरून राहिला होता, ऊन पिवळं पडलं होतं, आणि कुठूनतरी सनई ऐकू आली. मागं पुतण्याचा सूर होता. तो डगमगत होता, मध्येच बारीक होत होता. मी आप्पांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे गाल फुगले होते. नाकानं ते हळू श्वास घेत होते. बस हलेपर्यंत ते तसेच बसून राहिले. सनई थांबली तरी गाल खाली गेले नव्हते.

"उतरायचं होतं," मी म्हणालो.

"न्हाय," ते म्हणाले. "हात हलवत कसा जाऊ?"

स्टुडिओत तेव्हा गाणं आणि चित्र सेटवर एकदमच घेत, आणि सगळ्यांसाठी मिळून एकच माइक होता. गाणारी बाई त्याच्यासमोर, पेटी तिच्या बाजूला, मी त्यामागं. आप्पांना त्यांनी लांब, दाराजवळ नेऊन उभं केलं. हे वाद्य जवळ आलं तर सगळ्यांना गिळतं, असं साउंडवाला म्हणाला. गाणं वाट बघण्याचं होतं. नायिका घाटावर बसून गाते आणि गाणं संपल्यावर नुसती रस्त्याकडं बघत राहते, असा प्रसंग. बुवांनी हात मिटला की सगळ्यांनी एकदम थांबायचं होतं.

आम्ही थांबलो. आप्पा थांबले नाहीत. बाईनं ओठ मिटले, माझा गज उचलला गेला, तबल्यावरचा हात निवांत झाला आणि दाराकडून तो खर्ज एकटाच येत राहिला. एक मोठा श्वास घेऊन सोडावा इतका वेळ. मग हळूच विरला.

"आप्पा, हात मिटला की थांबायचं," बुवा म्हणाले.

"व्हय जी."

दुसऱ्यांदा तेच झालं. बुवा चिडले. आप्पा खाली मान घालून म्हणाले, "बुवा, आदी गळा, मग साज आन्‌ मग सूर. आदी सोडला तर गाणाराच्या पायाखालचं काडून घेतल्यावानी हुतंय."

"इथं देऊळ नाही आप्पा."

"न्हाय जी."

तिसऱ्यांदा त्यांनी खरोखर प्रयत्न केला. मी बघत होतो. बुवांचा हात मिटताना त्यांच्या कपाळावर घाम आला. पण चाळीस वर्षं ज्या अंगाला मागं राहायचं शिकवलं ते एका दुपारीत कसं ऐकणार? हात चालूच राहिला. मात्र बाई त्या वेळी अशी गायली होती की पुन्हा तसं जमेल याची कुणाला खात्री नव्हती, आणि सेटही संध्याकाळी मोडायचा होता. साउंडवाल्यानं कानावरचं यंत्र काढलं आणि म्हणाला, "असू दे. थेटरच्या भोंग्यातून इतका खालचा आवाज यायचाच नाही. यांचं काहीच ऐकू येणार नाही."

तो बिचारा बुवांची समजूत घालत होता. आप्पांनी ते ऐकलं. वाकळ पसरली आणि म्हैस गुंडाळायला लागले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

ते चित्र निपाणीत तंबूत आलं तेव्हा तंबाखूचा हंगाम होता. आप्पा म्हणाले, "तू जा. अण्णाला घिऊन जा. मी येत न्हाय." मी म्हटलं, ऐकू यायचं नाही म्हणतात. ते म्हणाले, "ठाऊक हाय. तरी जा."

भैरूअण्णांना मी प्रथमच भेटत होतो. आप्पांचाच चेहरा, पण गाल घट्ट. मी कोण, कशाला आलो ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी तंबूबिंबूत जात न्हाय." अण्णांच्या पत्नी पारूवहिनी कोपऱ्यात विड्या वळत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जावा की. भावाचं त्वांड बघायचं न्हाय, ठीक हाय. ऐकायला काय हुतंय? कान काय त्येनं मोडलेत व्हय तुमचं?"

अण्णा उठले. तंबूत आम्ही बाकावर बसलो. अंधार झाला, नायिका घाटावर आली, गाणं सुरू झालं. भोंग्यातून बाईचा गळा येत होता, पेटी येत होती, माझं फिडलही येत होतं. आप्पांचा कुठं मागमूस नव्हता. मी कान खालीखाली नेऊन शोधत होतो. गाणं अर्ध्यावर आल्यावर अण्णांनी माझ्या कानाशी विचारलं, "ह्यात आमचा सिद्राम कुठं हाय?"

"हायेत मागं," एवढंच म्हणालो.

गाणं संपलं. बाईनं ओठ मिटले, साज थांबला. पडद्यावर तिचा चेहरा तेवढा राहिला, रस्त्याकडं बघणारा. आणि त्या भोंग्यातून, ज्यातून इतका खालचा आवाज यायचाच नव्हता, एक खरखरीत, थरथरता, एकटा स्वर आला. सगळ्यांच्या खाली दबला होता तो. सगळे उठून गेल्यावर दिसला. तंबूतला गलका थांबला. एक लहान पोर रडत होतं ते गप्प झालं. नायिका रस्त्याकडं बघत राहिली आणि आप्पा तिच्यामागं उभे राहिले, दिसत नव्हते तरी.

अण्णांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. बोटं रुतली. स्वर विरल्यावर ते अंधारातच म्हणाले, "सोडला न्हाय गा त्येनं."

चित्राचा पुढचा भाग आम्ही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही बेळगावात आलो. आप्पा पडवीत तारेला लागलेली राळ पुसत बसले होते. भावाला बघून उठले आणि बास बाहेर काढायला लागले, पाहुण्याला जागा करायला. अण्णांनी त्यांच्या हातातून म्हशीची मान धरली. दोघं मिळून तिला भिंतीला टेकवत होते. चित्राचा विषय कुणी काढला नाही. चहा झाला. अण्णांनी कप खाली ठेवला. आप्पांनी मग आपला शेवटचा घोट घेतला. अण्णा हे बघत होते. म्हणाले, "पालखीला ये. आन्‌ ही म्हस घिऊन ये. पोराला सूर जमत न्हाय."

देवळाच्या कट्ट्यावर सनईमागं डबल बास वाजतोय, हे दृश्य मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही आणि दिसायचंही नाही. सुरुवातीला लोक हसले. पुढच्या वर्षी ती म्हैस नसती तर त्यांनीच विचारलं असतं. आप्पा निपाणीलाच राहिले. अधूनमधून कोल्हापूरला जाऊन चित्रांत वाजवून यायचे. ती गाणी लोक गुणगुणत, आणि त्यांत आप्पा आहेत हे कुणाला माहीत नसे. हल्ली मी चित्र बघायला गेलो की डोळे मिटतो आणि गाण्याच्या तळाशी कान देतो. बायको म्हणते, तिकीट काढून झोपायला येता. मला तिथं काळोखात कुणीतरी सापडतं. नाव ठाऊक नसलेलं, दाराजवळ उभं केलेलं.

आप्पा गेले त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लढाईच्या दिवसांत. पेट्रोल मिळत नव्हतं, बस कोळशाच्या गॅसवर चालायची. मी कोल्हापूरहून परतत होतो. निपाणीत कोळसे ढोसायला ड्रायव्हर खाली उतरला, आणि मी खिडकीशी बसलो होतो. दिवस मावळायला आला होता. देवळाचा कट्टा समोर दिसत होता. इंजिन आणि भट्टी मिळून असा घरघराट करत होती की दुसरं काहीही कानावर येत नव्हतं. खिडकीच्या चौकटीत दोघं भाऊ होते, धुरातून कधी दिसत, कधी नाही. पुन्हा मूकपटच बघत असल्यासारखं मला वाटलं. अण्णांचे गाल भरत होते, रिते होत होते. आप्पा मागं उभे, म्हशीला मिठीत घेऊन, डोळे मिटलेले.

बस हलली. मी मान वळवून बघत राहिलो. अण्णांनी सनई ओठावरून खाली घेतली, मांडीवर ठेवली, धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. आप्पांचा हात अजून चालूच होता.